नाई म्हणते ती

रंजीता अनवाणी आली आणि वांग्यांच्या ढिगामागे शकुबाईला चिकटून बसली. ओठ फुटला होता. इचोड्याच्या हमरस्त्यावरून ट्रक धावत होते, दुपारचं गिऱ्हाईक सुरू होतं. शकुबाईने पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली आणि समोरच्या बाईला आंबाडीची जुडी दिली.

काय झालं, हे तिने विचारलं नाही. दोघी भीमपूरच्या, एकाच गल्लीत वाढलेल्या, लग्न होऊन इचोड्यात आलेल्या. रंजीताचा नवरा सुरेंद्र ट्रकचे सुटे भाग विकायचा. गोडबोल्या, चारचौघांत मान असलेला. त्याचा हात उठतो हे कळलं तेव्हा शकुबाई तडक त्याच्या दुकानात जाऊन भांडून आली होती. त्याचं फळ रंजीताने घरी भोगलं. पुढे कितीतरी महिने ती बाजारात फिरकली नाही. आली तेव्हा शकुबाई एवढंच म्हणाली, "मी तुले आता काई सांगत नाई, बाई. तुले वाटंल तवा ये. मी इथंच हाओ."

मग ती येत राहिली. कधी कोथिंबीर निवडायची, कधी नुसतीच बसायची. एकदा शकुबाईने तिला आदिलाबादला, अडचणीतल्या बायकांसाठीच्या सखी केंद्रात नेलं. तिथल्या मॅडमनी ऐकून घेतलं, काय करता येईल ते समजावलं. पण रंजीताने तक्रार दिलीच नाही. बसमधून उतरली ती थेट घरी गेली. शकुबाईचा नवरा धोंडीबा वैतागला. "तिलेच परत जायचं हाय, तं तू काऊन मरून राह्यली तिच्यापायी?"  रंजीताचा शकुबाईलाही राग आला होता. तो तिने गिळला.

त्या दुपारी मोटारसायकल ढिगापुढेच येऊन थांबली. सुरेंद्रचा आवाज नेहमीसारखा मऊ होता.

"चाल रंजीता. घरी बोलू."

रंजीता उठू लागली. शकुबाईने तिला धरलं नाही.

"जायाचं हाय का तुले?" तिने मोठ्याने विचारलं. शेजारच्या दुकानातली माणसं वळून पाहू लागली.

 रंजीताचे ओठ हलले, काय म्हणाली ते शकुबाईलाच कळलं.

"नाई म्हणते ती."

"घरातली गोष्ट हाय, अक्का. तुमी आपला धंदा पाहा."

"धंदाच पाहून राह्यली. बाजूले व्हा, गिऱ्हाईक उभं हाय."

सुरेंद्रने भोवती पाहिलं, हसला आणि गाडी वळवून गेला.

शकुबाईने भाजीवर गोणपाट टाकलं, आपल्या चपला रंजीताच्या पायांत घातल्या आणि तिच्याबरोबर आदिलाबादच्या बसमध्ये चढली. या खेपेला केंद्रात सगळं रंजीतानेच सांगितलं. शकुबाई बाहेर बाकावर बसून होती.

रंजीता आता नार्नूरला मावशीकडे असते, एका वसतिगृहात स्वयंपाक करते. कज्जा चालू आहे. सुरेंद्रचं दुकानही चालू आहे, लोक त्याला अजून नमस्कार करतात. हमरस्त्यावरचे ढाबेवाले त्याचे मित्र. शकुबाईची निम्मी भाजी तेच उचलायचे. त्या दिवसापासून त्यांनी पुढच्या दुकानातून घ्यायला सुरुवात केली. संध्याकाळी उरलेली भाजी धोंडीबा हातगाडीवर भरतो आणि गल्लोगल्ली फिरवतो. 

काल भाजी आवरतानाच रंजीताचा फोन आला.

"जेवली का वं?" शकुबाईने विचारलं.

"हो."

"काय केलतं?"

"बेसन." रंजीता म्हणाली. "निवांत जेवली आज. लई येळ बसली होती ताटावर."

शकुबाई बरं म्हणाली. फोन कानाशी तसाच धरून ती दुसऱ्या हाताने सुकलेल्या मेथीवर पाणी शिंपडत राहिली.