सहा खिडक्यांचा पुठ्ठा

मित्रांनो, मी बुटांच्या खोक्याचा एक जुना पुठ्ठा आहे. हसू नका! माझ्या अंगावर सहा खिडक्या आहेत, आणि त्यांनी एका मुलीचा पाय वाचवलाय.

धाकटी धावायचं शिकायला वसतिगृहात निघाली, तेव्हा ताईने माझ्यावर आणि माझ्या जुळ्या भावावर अगदी सारख्या खिडक्या कापल्या. भाऊ ताईकडे राहिला, मी धाकटीच्या बुटात, तळाशी. मला कागदावर ठेवायचं, खिडक्यांत खरा निरोप लिहायचा, मग मला उचलून उरलेली जागा इकडच्या तिकडच्या गप्पांनी भरायची.

"पण वसतिगृहाच्या बाई पत्रं वाचतात म्हणे, त्यांना ही युक्ती कळली तर?" धाकटीने विचारलं.

"कळलीच आहे असं धर. तुझी पत्रं एरवी कशी असतात, तेही त्यांना पाठ आहे असं धर. खिडक्या कुठे आहेत, तेवढंच लपव."

"ताई, तू म्हणजे ना, उगाच घाबरवतेस!"

महिन्याभरात धाकटीचा घोटा टम्म सुजला. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, "स्पर्धेपर्यंत कळ काढ. घरी रडगाणं कळवायचं नाही." प्रत्येक पत्र त्या वाचूनच टपालात टाकत.

धाकटीने घाईघाईत 'पाय सुजलाय' माझ्या खिडक्यांत लिहिलं आणि भोवती काहीबाही भरलं. बाई खो खो हसल्या. "खुर्चीचा पाय हुशार, ढग सुजलाय? अगं, पुठ्ठ्याचे खेळ आम्हीही खेळलोय!" टर्रकन पत्र फाडलं.

धाकटी खूप रडली. मग डोळे पुसून तिने नेहमीसारखंच पत्र लिहिलं. "ताई, आम्ही चालता चालता गाणी म्हणतो. गणितात मजा येत आहे. ताटात भाजी उरत नाही. मी लवकर उठते. सुट्टीत भेटायला ये."

बाईंनी स्वतः एक पुठ्ठा कापून त्यावर ठेवला. खिडक्यांत दिसलं, 'आम्ही गाणी भाजी उठते'. "छे!" म्हणत त्यांनी पत्र टपालात टाकलं.

घरी ताईने माझ्या भावाला पत्रावर ठेवलं, आणि त्याने वाचून दाखवलं, 'ताई चालता येत नाही लवकर ये'.

तिसऱ्या दिवशी ताई डॉक्टरीणबाईंना घेऊनच हजर! हाडाला चीर होती. "आणखी एक शर्यत पळली असती, तर कायमची लंगडली असती," त्या म्हणाल्या.

आता धाकटी पुन्हा पळते. मी मात्र खणात घडी पडून लोळतोय. माझं जाऊ द्या. पण मित्रांनो, दूर राहणाऱ्या कुणाचं 'मी मजेत आहे' असं पत्र आलं ना, तर ते दोनदा वाचा. आणि तरी चैन पडलं नाही, तर सरळ जाऊन भेटा!