सिंगर नसलेल्यांचा बाक

जरा डोळ्यांसमोर आणून बघा. एक लांबलचक टेबल आहे. त्यावर पांढरी चादर अंथरली आहे. टेबलाच्या दोन बाजूंना दोन बाक आहेत आणि प्रत्येक बाकासमोर एक जाडजूड पोथी. दोन्ही पोथ्या अगदी सारख्या. या बाकावरची माणसं एक कडवं गातात. त्यांचा शेवटचा शब्द विरायच्या आत समोरच्या बाकावरची माणसं पुढचं कडवं उचलतात. मग पुन्हा ही, मग पुन्हा ती. असं तासभर नाही, चांगले दोन दिवस! कुणी जेवायला उठतं, कुणी पाठ टेकायला जातं, त्यांच्या जागी दुसरं कुणी येऊन बसतं, पण आवाज थांबत नाही. येशूच्या जन्मापासून क्रुसापर्यंतची सगळी कथा त्या पोथीत आहे, आणि शेवटचं पान येईपर्यंत मध्ये खंड पडू द्यायचा नाही.

दिसलं? आता त्या टेबलाच्या पायाशी एक झोळी टांगा आणि झोळीत एक तान्ही मुलगी निजवा. तीच आपली तिनाय.

तिनाय तीन महिन्यांची असताना तापाने फणफणली होती. डॉक्टरांनीही मान हलवली, तेव्हा तिची आई नेना हिने नवस बोलला. 'ही वाचू दे, दहा वर्षं माझ्या घरी पबासा करीन.' पबासा म्हणजे हेच पारायण. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात बुकाल गावात ते कुणाच्या ना कुणाच्या घरी असतंच. तिनाय वाचली. त्या वर्षी झोळीत, पुढच्या वर्षी टेबलाखाली रांगत, मग बाकाखाली पाय पसरून, असं दर वर्षी तिने ते पारायण ऐकलं. यंदा दहावं वर्ष. नवसाचं शेवटचं.

आणि यंदाच माणसं कमी पडली. गेल्या वर्षी अकरा जणं होती, यंदा सातच. दोघं वारली होती, एक मनिलाला मुलाकडे राहायला गेली होती, एकीला गुडघ्यांमुळे बसवत नव्हतं.

"आलिंग पासिंग, तुम्ही काळजी करू नका," नेना म्हणाली. "माझा भाऊ येतोय जहाजावरून."

आलिंग म्हणजे मावशी; ही पासिंग मावशी पारायणाची मुखत्यार. वय एकाहत्तर. पहाटे तांदळाच्या वाफवलेल्या वड्या विकायची, आणि तिचा आवाज स्टोव्हला पिन मारल्यावर येतो तसा फरफरता.

"रमिल? येऊ दे की," ती म्हणाली. "बाकावर जागा आहे. फक्त त्याला सांग, इथे स्टेजसारखे दिवे लावणार नाही कुणी."

"असं काय हो! सिंगर आहे तो."

"म्हणून तर सांगतेय."

बुकालमध्ये इंग्रजी शब्द मिठासारखे बोलण्यात विरघळलेले आहेत, आणि 'सिंगर' हा त्यांतला सगळ्यांचा लाडका. तान्हं बाळ रात्रंदिवस रडलं की शेजारीण म्हणते, "काय गं, सिंगर जन्माला घातलास!" वाढदिवसाला भाड्याने आणलेल्या गाण्याच्या मशीनवर कुणाला शंभरातले अठ्ठ्याण्णव गुण पडले, की तो त्या संध्याकाळपुरता सिंगर. पण गावातला खरा सिंगर एकच, तिनायचा मामा रमिल. तो मोठ्या प्रवासी जहाजावर गायचा. चकाकता कोट घातलेला त्याचा फोटो जहाजाच्या जिन्यात लावलेला होता, आणि त्या फोटोचा फोटो नेनाच्या भिंतीवर.

तिनायला मात्र हा शब्द नकोसा झाला होता. दोन महिन्यांपूर्वी शाळेच्या कार्यक्रमासाठी बाईंनी मुलं निवडली. एकेकाला गायला लावलं. तिनायचं ऐकून झाल्यावर बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि हसून म्हणाल्या, "तिनाय बाळा, तू काही सिंगर नाहीस. असं कर, टोकाला उभी राहा आणि नुसते ओठ हलव." बाई प्रेमाने बोलल्या होत्या. रागाने बोलल्या असत्या तर तिनाय रडून मोकळी झाली असती. कार्यक्रमात तिने ओठ हलवले. त्या दिवसापासून ती अंघोळ करतानाही गुणगुणली नाही.

आणि यंदा तिला त्या बाकावर बसायचं होतं. तिच्यासाठी नवस, तिच्यासाठी दहा वर्षं इतकी माणसं घसा सुकवत होती; शेवटच्या वर्षी तरी आपलं एखादं कडवं असावं, असं तिला वाटत होतं. पण हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार काय? नुसते ओठ हलवणाऱ्या मुलीचा पारायणात काय उपयोग?

मंगळवारी सकाळी पारायण सुरू झालं. रमिल आला तो बुधवारी दुपारी. पत्रे तापून घरात भट्टी झाली होती. पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता. सकाळच्या पाळीची चारही माणसं घरी जाऊन झोपली होती. एका बाकावर आलिंग पासिंग आणि म्हातारे मांग इस्को, म्हणजे इस्को काका, दुसऱ्यावर एकटी दालिया काकू, अशी पोथी कशीबशी सरकत होती. तिनाय जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून मनातल्या मनात प्रत्येक कडव्याबरोबर चालत होती.

"सिंगर आला! सिंगर आला!" अंगणातून पोरांचा गलका झाला.

रमिलने सगळ्यांना वाकून हात जोडले, मोठ्यांचा हात कपाळाला लावला, दालिया काकूंच्या शेजारी बसला आणि पोथीत बोट घातलं. पुढचं कडवं त्याने उचललं.

काय सांगू तुम्हाला! आवाज असा, की स्वयंपाकघरातल्या बायकांचे डाव हवेत थांबले. नारळाच्या दुधात रताळी शिजत होती, ती खाली लागली तरी कुणाला पत्ता नाही. शेवटचा शब्द त्याने वर चढवला, वरून घसरवला, पुन्हा चढवला, तिथे जरा थरथरवला आणि मग सोडला. अंगणात टाळ्या पडल्या. खिडकीत चार मोबाईल उंचावले.

पबासात टाळ्या! मांग इस्को दचकून इकडेतिकडे बघायला लागले.

"चला, चला," आलिंग पासिंगने त्यांना कोपर मारलं आणि पुढचं कडवं घेतलं. पण रमिलने सूर नेऊन ठेवला होता माडाच्या शेंड्यावर. तिथे चढताना तिचा आवाज दोनदा फुटला. मांग इस्को तर वाटेतच राहिले.

पुन्हा रमिलची पाळी. या वेळी आणखी छान. पुन्हा टाळ्या. दालिया काकूंनी पहिल्या कडव्याला त्याला साथ दिली होती, आता त्या हाताची घडी घालून ऐकत बसल्या. डोळे पाणावलेले. अशा आवाजात आपला आवाज कोण मिसळणार?

वीस कडवी झाली. रमिलची तान कुठे संपेल याचा अंदाजच येत नव्हता. संपली असं वाटून आलिंग पासिंग सुरू करायची, तर त्याची अजून एक हरकत बाकी असायची. थांबून राहावं, तर हा एकदम गप्प. मांग इस्कोंना खोकल्याची उबळ आली. "जरा पाठ टेकतो," असं पुटपुटत ते आतल्या खोलीत गेले. आता एका बाजूला उरली एकटी आलिंग पासिंग, आणि तिच्या घशातून शब्दांपेक्षा हवाच जास्त निघत होती. पोथीची अजून एकशे दहा पानं बाकी होती.

नेना दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. ती आठच दिवसांपूर्वी शेजारणीला म्हणाली होती, "दहावं सुखरूप पार पडलं ना, की सुटले." आता ते पार पडेल असं दिसत नव्हतं.

रमिल शेवटच्या शब्दावर चढला होता. आलिंग पासिंगने जिन्याकडे बघितलं.

"ए तिनाय. इकडे ये. बस."

"मी?"

"मग काय मांजराला बोलावतेय?"

"मला नाही येत. बाई म्हणाल्या, मी सिंगर नाही."

तेवढ्यात रमिलचं कडवं संपलं. आलिंग पासिंगने बोट वर करून तिनायला थांब अशी खूण केली, फरफरत आपलं कडवं ओढलं आणि रमिल पुन्हा सुरू झाल्यावर खाली वाकली.

"हं, काय म्हणत होतीस? सिंगर नाहीस? बरं झालं. एक आलाय तेवढा पुरे."

"चेष्टा नका ना करू."

"चेष्टा कशाची? तो सिंगर आहे, फार चांगला सिंगर आहे. सिंगर गायला लागला की माणसं गप्प बसतात. ती बघ दालिया, पुतळा झालाय तिचा. पण इथे सगळेच गप्प बसले तर पोथी कोण वाचणार?"

"मग तुम्ही कोण?"

"मी वाचणारी. सत्तेचाळीस वर्षं वाचतेय, एकदाही टाळी पडली नाही, देवाची कृपा. आता बस. त्याची तान संपायच्या आत मला पाणी प्यायचंय."

तिनाय बाकावर कशी येऊन बसली ते तिचं तिलाच कळलं नाही. पोथी तिच्या हनुवटीपर्यंत येत होती. समोर मामाने शेवटचा शब्द सोडला. अंगणात टाळ्या. आलिंग पासिंगच्या तोंडाला तांब्या.

तिनायने तोंड उघडलं. मामाने सूर जिथे ठेवला होता तिथूनच तिने सुरू केलं, आणि दुसऱ्या ओळीला तिचा आवाज चिरकला. चौथ्या ओळीला पुन्हा. खिडकीत खसखस पिकली.

"सिंगर! सिंगर!" तिचा चुलतभाऊ बोंग ओरडला. त्याच्या आईने त्याच्या डोक्यात टपली मारली, पण व्हायचं ते झालं होतं. तिनायचे कान लाल झाले. तिने कडवं कसंबसं संपवलं आणि टेबलावरच्या चादरीकडे बघत बसली.

समोर रमिल गात होता. तिला उठून जायचं होतं. पण उठलं तर या बाकावरून गाणार कोण? आलिंग पासिंग छाती चोळत होती. तिनाय मामाचं कडवं ऐकायला लागली. आजवर ऐकलं तसं नाही, नीट ऐकायला लागली. आणि तिला एक गोष्ट लक्षात आली. इतकी वर्षं टेबलाखाली पडून तिने जे ऐकलं होतं, त्यात शेवटचा शब्द कुणी कधी वर नेला नव्हता. दमलेली माणसं विहिरीवरून आणलेली घागर ओट्यावर ठेवतात, तसा तो शब्द सगळे हळूच खाली ठेवायचे. समोरच्यांना उचलता यावा म्हणून. मामा तो ठेवतच नव्हता. तो वरच्या वर धरून उभा होता.

मामा थांबला. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत तिनायने वाट पाहिली नाही. तिने पुढचं कडवं घेतलं, पण मामाच्या सुरात नाही. खूप खालून. आलिंग पासिंग मंगळवारी सकाळी जिथून सुरू करते तिथून. आवाज बारीक होता, जरा सपाटच होता, पण फुटला नाही. ओळीमागून ओळ ती चालत गेली आणि शेवटचा शब्द तिने खाली ठेवला.

खिडकीत कुणी हसलं नाही. कुणी टाळीही वाजवली नाही.

रमिलचं तोंड उघडंच होतं. तो खरा सिंगर होता, आणि खऱ्या सिंगरचे कान फार तीक्ष्ण असतात. त्याने भाचीकडे पाहिलं, मग आलिंग पासिंगकडे, आणि त्याच्या मानेपर्यंत लाली चढली.

"खालून?" त्याने हळूच विचारलं.

तिनायने मान डोलावली.

त्याने तिच्याच सुरात कडवं उचललं. मध्ये सवयीने एकदा आवाज वर उडाला, तो त्याने कान पकडून आणावा तसा परत आणला. शेवटचा शब्द खाली ठेवला. आणि काय झालं माहीत आहे? दालिया काकूंनी हाताची घडी सोडली. पुढच्या पाळीला त्याही गायला लागल्या. मग दारात उभी असलेली एक शेजारीण मोबाईल कमरेला खोचून त्यांच्या शेजारी येऊन टेकली. "मला फार काही येत नाही हं," ती म्हणाली.

"इथे कुणालाच येत नाही," आलिंग पासिंग म्हणाली. "सरका, सरका, जागा द्या तिला." तिचा आवाज पुन्हा जमिनीवर आला होता आणि जमिनीवर तो मजबूत होता.

पानं उलटत राहिली, आणि एकेक करून आणखी माणसं बाकांवर येऊन बसली. रताळ्यांचं पातेलं नेनाने बदललं, नवीन रताळी टाकली. रमिलने कोटाची बटणं काढली, बाह्या दुमडल्या. सत्तराव्या की ऐंशीव्या कडव्याला तो तिनायकडे झुकून म्हणाला, "जहाजावर माझ्या मागे तीन बायका उभ्या असतात गं. माझा श्वास संपतो तिथे त्या गातात. त्यांचा फोटो कुणी लावत नाही जिन्यात."

"मामा, तुमची पाळी," तिनाय म्हणाली.

ऊन कलायला लागलं तेव्हा मांग इस्को डोळे चोळत बाहेर आले. दोन्ही बाक भरलेले बघून ते उंबऱ्यातच थबकले. त्यांच्या नेहमीच्या जागेवर, आलिंग पासिंगच्या उजव्या हाताला, नऊ वर्षांची पोर बसली होती, आणि बोट ओळीखाली सरकवत गात होती.

"बाळ, मी आलो आता," ते म्हणाले. "तू दमली असशील. ऊठ, जा खेळायला."

समोरच्यांचा शेवटचा शब्द खाली येत होता. तिनाय उठली नाही. मांग इस्कोंना बसता येईल एवढी ती बाजूला सरकली, त्यांच्यापुढे पोथी थोडी तिरकी केली आणि तिने पुढचं कडवं उचललं.