तिळाभोवतीचं वर्तुळ

बायकोच्या पाठीवरचा एक तीळ वाढलाय असं मला वाटलं. पण मला काय, काहीही वाटतं. म्हणून पंधरा दिवस गप्प बसलो. शेवटी धीर करून बोललो.

"आत्ता दिसला का? बेचाळीस वर्षं पाठ तुमच्यासमोरच आहे," ती म्हणाली.

दवाखान्यात आता तिळाचा फोटो मशीनला दाखवतात आणि ते कर्करोगाचा धोका टक्क्यांत सांगतं. पाठीवर तीळ सात-आठ. भलताच तपासला जाऊ नये म्हणून निघण्यापूर्वी मी त्या तिळाभोवती जांभळ्या पेनाने गोल काढला. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली; शंका आली की गोल, ही हाताची सवय.

फोटो निघाला. पडद्यावर आकडा उमटला: एक्क्याण्णव. बायको "असू दे" म्हणाली खरी, पण पिशवीचा बंद तिने मुठीत आवळला होता.

डॉक्टरीणबाई आमच्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. हसू दाबत म्हणाल्या, "आजोबा, ही चित्रकला तुमची? मशीन ज्या फोटोंवरून शिकलं ना, त्यांत डॉक्टरांनी संशयाच्या तिळांभोवतीच शाईच्या खुणा केल्या होत्या. त्यामुळे शाई दिसली की ते बिचकतं."

स्पिरिटच्या बोळ्याने त्यांनी गोल पुसला. पुन्हा फोटो. चौदा.

"बघा! उगाच जीव टांगणीला लावलात," म्हणत बायको उठू लागली.

मी गप्प बसायला हवं होतं. "पण बाई, जे शाईला फसलं, त्याच्या चौदावर तरी कसा भरवसा ठेवायचा?" विचारताना कान तापले.

"अहो, डॉक्टर कोण, त्या की तुम्ही?"

बाई मात्र हसल्या नाहीत. भिंग लावून तीळ बराच वेळ पाहत राहिल्या. "मलाही साधाच वाटतोय. पण तो वाढलाय, हे फक्त तुम्ही पाहिलंय. मशीनने नाही, मीही नाही. काढून तपासायला पाठवू."

तीन टाके पडले. रोज पट्टी मी बदलायचो, आणि रोज ती म्हणायची, "तुमच्या शंकेपायी पाठीला रफू झालं."

दहाव्या दिवशी अहवाल आला. मी चष्मा लावून मोठ्याने वाचला. कर्करोग नाही. साधा तीळ.

"चुकलंच गं माझं," मी ओशाळून म्हणालो. "तुला फुकट टाके पडले."

स्टूल ओढून ती माझ्याजवळ बसली.

"ती ओळ परत वाचा," म्हणाली. "हळू वाचा."