टेबलावरचं धूड

रुचिकाने लॅपटॉप घेतला तेव्हा शहाद्याच्या दुकानदाराने तिच्यापुढे दोन ठेवले होते. एक पातळ, दोन बोटांनी उचलावा असा. दुसरा पाट्यासारखा जाडजूड, त्याचा चार्जरच विटेएवढा. रुचिका घरी बसून सुरतेच्या एका कारखान्याचं पंचिंग करायची. पंचिंग म्हणजे साडीवरच्या भरतकामाचा टाका न् टाका आधी संगणकावर मांडायचा, मग तिकडचं मशीन बरहुकूम भरत सुटतं. भरगच्च पदराची फाइल उघडताच पातळ्याने मान टाकली. जाड्याने घुंघुं करत का होईना, उघडली. वडील दोधूआप्पा म्हणत होते, असंच ओझं घ्यायचं तर सरळ डेस्कटॉप घे. पण तिला उचलून नेता येईल असं काहीतरी हवं होतं. कुठे न्यायचं, ते तिने तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

पुढे ते धूड कळसाडीतल्या घराच्या ओसरीबाहेर कधी पडलंच नाही. मांडीवर घ्यावं तर मांडी भाजायची. वायर काढली की वाघाची शेळी व्हायची आणि तासाभरात बॅटरी राम म्हणायची. आप्पांनी हौसेने सुताराकडून सागाचं टेबल करून घेतलं, खाली वायरीसाठी भोकही पाडून घेतलं. पाहुण्यांना ते अभिमानाने सांगत, पोरगी घरबसल्या कमावते. रुचिकाला वाटायचं, हे टेबल मशीनसाठी नाहीच, आपल्याला बसवायला केलंय. ती दिवसभर तिथे बसून पाय हलवत राहायची. आई गजराबाई टोकायची, बसल्या जागी पाय हलवले तर घरात लक्ष्मी टिकत नाही. पाय थांबायचे, मग थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायचे.

भादव्यात सुरतेहून चंदनभाईचा फोन आला. हा तिकडचा कामं वाटणारा माणूस. म्हणाला, एक दिवस इथे येऊन काम करून दाखवा, शेठला पसंत पडलं तर इथेच लागा. त्या रात्रीपासून रुचिकाला घास गोड लागेना. आप्पा नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. ते नुसते मशीनकडे बघायचे.

"घर बठी काम व्हई ऱ्हायनं ना? मंग सुरतले कसाले जानं?" ते म्हणत. मग हळूच पुस्ती जोडत, की एवढं धूड उचलून नेणं काही पोरीसोरींचं काम नाही, वाटेत आपटलं तर? चिंता मशीनची होती की आणखी कशाची, हे विचारायची सोय नव्हती. शेवटी रुचिकाने दसऱ्यानंतरचं तिकीट काढलं आणि मगच सांगितलं. आप्पा त्या दिवशी जेवायला उशिरा आले.

दसऱ्याला गजराबाईने ट्रॅक्टर पुजला, पाण्याची मोटर पुजली, शिलाई मशीन पुजलं. लॅपटॉप तर उद्या परगावी निघालेला, म्हणून त्याला हळदीकुंकू जरा जास्तच. आणि बाईचा हात पहिल्यापासून सैल. मागच्या हवेच्या जाळीवर ओल्या कुंकवाचं बोट, त्यावर मूठभर अक्षता, वर झेंडू. रुचिका अंघोळ करून आली आणि बघतच राहिली. तिने वरवरच्या अक्षता फुंकून काढल्या आणि मशीन बॅगेत कोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी तिला मोटरसायकलने नंदुरबार स्टेशनला सोडलं. बॅग पुढे टाकीवर, पोरगी मागे. गाडीत बसल्यावर तिने बॅगेची चेन तपासली, चार्जर चाचपला, पुन्हा चेन तपासली. शेजारच्या बाईने विचारलं, बॅगेत इस्त्री आहे का? नवापूर गेलं, व्यारा गेलं. काम जमलं नाही तर काय, याची तिला धास्ती होती, आणि जमलं तर काय, याची त्याहून जास्त.

कारखान्यात चंदनभाईने मोराच्या पदराचं चित्र हातात दिलं. रुचिकाने धूड टेबलावर मांडलं, वायर लावली, फाइल उघडली. पंखा असा किंचाळला की चार माणसं वळून बघू लागली. मशीन तापलं आणि पडदा काळा झाला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ते सुरूच होईना. तिने ते तिरकं केलं तर त्याच्या पोटात दाणे खुळखुळले, आणि जाळीतून कुंकू लागलेले दोन तांदूळ टेबलावर पडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी काही बोलायच्या आत उठून स्टेशन गाठावं, असं तिला झालं.

चंदनभाई मात्र गोंधळूनच गेला होता. बेन, हे कशाला उचलून आणलंत, त्याने विचारलं. त्याच्या मागे भिंतीलगत संगणकांची रांगच होती, त्यातले दोन रिकामे. मशीन आणा असं तिला कुणी म्हटलंच नव्हतं. पण कळसाडीत ऊसतोडीला येणारा माणूस आपला कोयता घेऊनच येतो. हत्याराशिवाय कामावर जाता येतं, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिने चेहरा पुसला आणि रिकाम्या खुर्चीत बसली. सुरुवातीला बोटं चुकली, मग लागली. संध्याकाळी मोर कापडावर उतरला, धागा एकदाही तुटला नाही. शेठ फार बोलला नाही, सोमवारपासून या म्हणाला.

रात्र सुरतेतल्या मावशीकडे काढून दुसऱ्या दिवशी ती घरी परतली. दाणे तिने मावशीकडेच पेचकसाने जाळी उघडून काढले होते. आईला त्यातलं काही सांगितलं नाही. लॅपटॉप सागाच्या टेबलावर ठेवला, वायर भोकातून खाली सोडली. आप्पांचा चेहरा उजळला. खांद्यावरच्या उपरण्याने त्यांनी टेबलाचा कोपरा पुसला आणि गजराबाईला चहा ठेवायला सांगितलं.

"हाई आठेच ऱ्हाई, आप्पा," रुचिका म्हणाली. "मी सोमवारले जासू. तठे मशीन शे."

आप्पांचा हात टेबलावरच थांबला. इतके दिवस ज्याचं निमित्त धरलं होतं, ते समोर सुखरूप बसलं होतं. मग जे मनात होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"तू नई ते माले करमस नई."

आप्पा असं काही बोलतील, हे तिला वाटलं नव्हतं. तिच्याजवळ बाकी सगळ्याची उत्तरं तयार होती. आप्पा ओसरीच्या पायरीवर टेकले, तशी ती त्यांच्या शेजारी बसली.

"अन् माले आठे करमस नई, आप्पा," ती म्हणाली.

आतून गजराबाईने चहा आणला. आप्पांनी पहिला कप उचलून तिच्या हातात दिला.