मयतीचा फंड

गजाने पिशवीतून एकेक पासबुक काढून वकीलबाईंच्या टेबलावर ठेवलं. चार ठेवली. पाचवं हातातच राहिलं.

"तेही द्या," सुरभी वकील म्हणाल्या.

"हे माझं नाय मॅडम. गावाचं हाय."

"नाव कुणाचं आहे त्यावर?"

नाव गजाचंच होतं. त्याने पासबुक पुढे सरकवलं.

कळंबच्या बाजूला रिसॉर्टांच्या चादरी-टॉवेल धुऊन द्यायची लाँड्री होती त्याची. दोन रिसॉर्टं बिलं बुडवून बंद पडली, तिसऱ्याने स्वतःची मशिनं घेतली आणि गजाच्या गळ्यात राहिलं मशिनांचं कर्ज. ते फेडायला दुसरं काढलं, दुसऱ्याला तिसरं. शेवटी कुणीतरी सांगितलं, कोर्टात नादारीचा अर्ज करता येतो. फेडायची ऐपत उरली नाही, हे कोर्टापुढे कबूल करायचं. म्हणून तो आज कर्जतला, कोर्टाशेजारच्या या खोलीत येऊन बसला होता. बसला होता म्हणजे खुर्चीच्या कडेवर, उठून पळायच्या बेतात असल्यासारखा.

"आता नीट ऐका," वकीलबाई म्हणाल्या. "आजपासून एकही खातं बंद करायचं नाही. पैसे इकडून तिकडे हलवायचे नाहीत. कुणा एकालाच गुपचूप फेडायचं नाही, मग तो मेहुणा असो नाहीतर मित्र. घरखर्चाला जिथे तुमचं कर्ज नाही अशा बँकेत एक खातं उघडा, पण तेही अर्जात दाखवायचं. काही लपवलंत की सगळं मुसळ केरात. बायकोचा पगार कुठे जमा होतो?"

"जयाचा? तिच्या तिच्या खात्यात. रिसॉर्टच्या किचनमधी हाय ती."

"तो तसाच राहू दे. आणि हे गावाचं म्हणजे काय?"

"मयतीचा फंड."

गावात दर घर महिन्याला पन्नास रुपये देतं. कुणी गेलं की लाकडं, बांबू, कापड, टेंपो, सगळं त्यातून होतं. ज्याच्या घरात मढं आहे त्याने कुणापुढे हात पसरायचा नाही, एवढाच त्यातला अर्थ. संस्था-नोंदणी असल्या भानगडी नकोत म्हणून खातं सरळ गजाच्या नावावर काढलं होतं. व्यवहाराला चोख माणूस म्हणजे गजा, यावर गावात दुमत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आता त्या एका गोष्टीवरच गजा मान वर करून चालत होता. लाँड्रीला कुलूप लागलं, वसुलीवाले दारात येऊन बोंबलून गेले, तरी पहिल्या तारखेला तो फंड गोळा करायला निघाला की लोक "ये गजाभाऊ, चहा घे" म्हणायचे.

"मशिनांचं कर्ज याच बँकेचं ना?"

"हो."

वकीलबाईंनी शेवटचं पान उघडून त्याच्यापुढे धरलं. "वर्षभर तुमचा हप्ता चुकला की बँकेने इथून उचललाय. शिल्लक जवळजवळ नाहीच."

सकाळीच नेरळला बँकेच्या मशिनमधून पासबुक छापून घेतलं होतं, पण उघडून पाहिलं नव्हतं. बँकेचे मेसेज वाचणं तर त्याने केव्हाच सोडलेलं. फोन वाजला तरी तो पालथा घालून ठेवायचा.

"असं कसं उचलतील? मेलेल्या मानसांचे पैसे हायत ते!"

"बँकेच्या लेखी ते तुमचेच. भांडून पाहता येईल, पण त्यासाठी गावाने लिहून द्यायला हवं की हा पैसा आमचा. म्हणजे गावाला सांगावं लागेल. सगळंच. आणि अर्जाच्या आधी."

"नाय सांगितलं तर?"

वकीलबाईंनी पासबुक मिटलं. "गावात कुणी गेलं की कळेलच ना."

गावातल्या बैठका धाकलूआबाच्या पडवीत व्हायच्या, म्हणून गजा घरी न जाता आधी तिकडेच वळला. रिक्षात त्याने बोलायचं सगळं जुळवलं होतं. पडवीत आबा तंबाखू मळत बसलेला, शेजारी त्याची बायको चंद्राबाई सुपात वाल निवडत होती. जुळवलेलं सगळं पार विसरलं.

"आबा, मयतीचा फंड बुडाला. बँकेनं माझ्या कर्जात कापून घेतला. मी खाल्ला नाय, देवाशपथ. पन माझ्याच पायी गेला."

आबाने तंबाखू मळणं थांबवलं नाही. म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही की काय, असं गजाला वाटलं. पुन्हा सांगायचं म्हणजे मरणच.

"बस," आबा म्हणाला.

"बसायला तोंड नाय मला. चिमाआजी आज-उद्याची हाय. लाकडं कशातनं आनायची?"

"हायत लाकडं. ती काळजी नको तुला."

"कशी हायत?"

आबा वर बघेना. चंद्राबाईनेच सूप खाली ठेवलं.

"सांगा की आता. किती दिस फिरवायचं त्याला उगाच?"

"फंड हितं जमतो रं," आबा म्हणाला. "गेल्या गनपतीपासनं."

"मंग मला देतात ते?"

"ते बी देतात. तू दारात येतोस, तुला नाय कसं म्हनायचं? पन्नास तुला, पन्नास हितं. मागच्या दोन मयतींच्या लाकडांचं बिल आलं का तुझ्याकडं?"

आलं नव्हतं. वखारवाला विसराळू आहे, एवढंच गजाने धरलं होतं.

म्हणजे गाव दुप्पट देत होतं. महिनोन् महिने, त्याला चहा पाजून. गजाला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. कुणी चारचौघांत कॉलर धरली असती, आईबहिणीवरून शिव्या घातल्या असत्या, तर ते सोसलं असतं त्याने. सगळ्यांनी मिळून आपल्याला लहान पोरासारखं खेळवलं, असं वाटून त्याच्या कानशिलांची आग झाली. आणि लगेच त्या संतापाचीही लाज वाटली.

"बँकेचं तुमाला कुनी सांगितलं?"

आबाने तंबाखू तोंडात टाकली. बोलायचा प्रश्नच मिटला.

"पयले पन्नास तुझ्याच घरातनं आले, बाबा," चंद्राबाई म्हणाली. "तुझ्या फोनवर बँकेचं वाचलं जयानं, आनि आली हितं रडत. म्हनाली, फंड तुमी सांभाळा, पन त्यांना फिरू द्या. तेवढ्यावरच जगतायत."

गजा उठला. येतो म्हणायचंही राहून गेलं.

घरी जया भाकऱ्या थापत होती. तो आल्याचं तिने पाहिलं, पण तोंडाकडे पाहिलं नाही.

"काय म्हनल्या वकीलबाई?"

"गावाला सांगा म्हनल्या. सगळ्यांना."

तिचा हात परातीत थांबला.

"मंग? सांगनार तुमी?"

गजा उंबऱ्यावर बसून चपला काढत होता.

"सांगतो की," तो म्हणाला. "पन उरलंय कोन?"