रडणाऱ्या देवीचा दुसरा भाग

"रडली! माय रडली!"

बायकांच्या बाजूने पहिली हाक उठली आणि बघता बघता अख्खा तंबू उभा राहिला. समोर पडदाभर देवीचा चेहरा होता. तिच्या डोळ्यांखाली दोन काळसर ओघळ उमटले आणि गालांवरून संथपणे खाली उतरू लागले. केवड्याचा वास दरवळला. कुणी फुलं फेकली, कुणी जमिनीवर आडवं झालं. एका म्हाताऱ्याने तर घाईघाईत पुढे उभ्या असलेल्या पाटलाच्या पागोट्यालाच नमस्कार ठोकला.

मी एकटा बसून होतो, आणि जळत होतो.

का जळत होतो तेही सांगतो, लाज कसली? मी मोहर्लीच्या वाटेवरच्या या गावातला शाळामास्तर. धान कापून झालं की आमच्याकडे शंकरपट भरतो, बैलांच्या जोड्या धावतात आणि दिवे लागले की नाटक होतं. ते नाटक मी लिहितो, मी बसवतो. मागल्या साली पटातच लच्छू मॅनेजरने आपला टुरिंग सिनेमा आणला आणि माझ्या तिसऱ्या अंकाला समोर दोन कुत्री आणि एक झोपलेला गाडीवान उरला. घरी आलो तर बायको, भागीरथा, सिनेमाहून आधीच परतली होती. म्हणाली, "अवो, काय तो गुप्तहेर! तुमच्या नाटकात असा एकबी मानूस नाई." ते वाक्य वर्षभर माझ्या घशात अडकून होतं.

खरं सांगायचं तर तो पहिला सिनेमा चांगला होता, म्हणून तर जास्त जळालो. देवळातून देवीचा मुकुट चोरीला जातो आणि एक गुप्तहेर चोर शोधतो. देवी पूर्ण वेळ गप्प. माणूस मात्र माती हुंगतो, चपलांचे ठसे बघतो, पुजाऱ्याला उलटसुलट विचारतो, आणि शेवटी मूर्तीच्या मागे जाऊन तिथली पोकळी शोधून काढतो. गाव त्याला 'मुकुटाचा शिनेमा' म्हणायचं.

यंदा पट भरायच्या आधीच लच्छू त्याचाच दुसरा भाग घेऊन आला. काय सांगू, निव्वळ भुसा! मुकुट पुन्हा चोरीला गेला, पण गुप्तहेर आता शोधबिध काही करत नाही. तो झोपतो. स्वप्नात देवी येते, गाणं म्हणते आणि चोराचं नाव सांगते. हा उठतो आणि त्याला धरतो. पहिल्याच खेळाला लोक मध्यंतरात उठून गेले. मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन नव्या नाटकाचे दोन प्रवेश लिहून काढले.

आणि मग देवी रडायला लागली.

"मायबापहो," लच्छू पडद्यासमोर उभा राहून सांगायचा, आवाज अगदी तुपात तळलेला, "ही साधी फिलीम नाई. कलियुगातलं पाप पाहून मायच्या डोळ्याले धार लागली. कंपनीनं शंभर पडदे केले, पन माय फकस्त याच पडद्यावर उतरली! काऊन? तं तुमचं गाव पुण्यवान म्हनून!" मागच्या गावात तो हेच सांगून आला असणार, पण पुण्यवान म्हटल्यावर नाही कोण म्हणतो? खेळ संपला की तो रेशमी फडक्याने ते आसू टिपायचा, एका लोट्यात पिळायचा आणि तिकीटवाल्यांना पळी पळी तीर्थ द्यायचा. दोन थेंब पिळून लोटा कसा भरतो, हे कुणी विचारलं नाही. दुखऱ्या गुडघ्याला, वांझोट्या गाईला, सगळ्याला ते तीर्थ चालत होतं. पण डोळ्यांना म्हणे खास. देवीच्या डोळ्यातून आलेलं ना!

इथवर मी नुसता जळत होतो. मग गुणाबाई आली.

गुणाबाई पलीकडच्या गावची. तिची बुधरी, सात-आठ वर्षांची पोर, डोळे चिकटून लाल झालेले, उजेडाकडे बघवत नव्हतं. चांद्याच्या सरकारी डॉक्टरने मलम दिलं होतं आणि पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. गुणाबाईने मलम बंद केलं आणि पोरीला रोज खेळाला आणू लागली. बुधरीला सिनेमा दिसत नव्हता, ती आईच्या मांडीवर तोंड खुपसून नुसता ऐकायची.

"गुणाबाई, पोरीले चांद्याले ने," मी म्हटलं. "डोळा जाईल तिचा."

"गुरुजी, मायचे आसू लावून राह्यलो. जळजळते म्हंजे लागू पडून राह्यलं."

"अवं, जळजळते म्हंजे बिघडून राह्यलं!"

मागून नथ्थू पाटील हसला. "जळून कोन राह्यलं ते गावाले ठावूक हाय, गुरुजी. तुमच्या नाटकाले मानूस नाई म्हनून तुमच्या पोटात दुखते."

पोटात दुखत होतं हे खरंच होतं. पण माझ्या पोटाचं दुखणं खरं आहे, म्हणून पडद्यावरचे आसू खरे कसे ठरतात?

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. सगळे हात जोडून, डोळे मिटून बघतात. मी चुका काढायला बघत होतो. देवीचं गाणं आलं, आसू आले, आकांत झाला. गाणं संपून देवी गेली आणि पडद्यावर गुप्तहेर आला, पांढरा कोट घालून खुर्चीत पेंगत. आणि त्याच्या त्या पांढऱ्या कोटावर ते दोन ओघळ जसेच्या तसे! देवी स्वप्नातून निघून गेली होती आणि आसू मात्र इथेच विसरून गेली होती.

मी बाहेर पडलो तर दाराशी कोलू उभा. हा टोल्यावरचा, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरचा गोंड, मोहफुलांच्या दिवसात मला आठवणीने टोपली आणून देणारा. चिडलेला होता.

"गुरुजी, मागच्या खेपी आमी पडद्यामागं बसलो होतो. आमची जागा थेच. यंदा काऊन बंद केली?"

त्याचं म्हणणं समजायला पहिल्या सिनेमाची एक गंमत सांगावी लागेल. पडदा साध्या कापडाचा, मागूनही दिसतो, फक्त उलटा. टोल्यावरची माणसं अर्ध्या तिकिटात मागे बसली होती. त्यावरून वर्षभर भांडण चाललं: गाव म्हणे गुप्तहेर उजव्या हाताने पिस्तूल धरतो, टोला म्हणे डाव्या. पैजा लागल्या, एका लग्नात तर पंगत मोडायची वेळ आली. यंदा लच्छूने मागची बाजू ताडपत्री बांधून बंद केली होती. देवीच्या पाठीशी बसणं म्हणजे तिचा अपमान, असं तो म्हणे.

मला एकदम तो पहिला गुप्तहेर आठवला, मूर्तीच्या मागे जाणारा.

"कोलू," मी म्हटलं, "उद्या तुमची जागा तुमी घ्या. टोल्यावरचे समदे जा. संगं गॅसबत्ती न्या, पन कांबळं टाकून झाकून ठेवा."

मग मी मशीनवाल्या बाबूभाईला गाठलं. तो नागपूरचा, मशीनची बायकोपेक्षा जास्त काळजी घेणारा. मी आडून आडून विचारायला लागलो तर तोच भडकला. "मास्तरसाब, क्या बताऊं! रात-रातभर मशीन मैं चलाऊं, और लोग पाँव पडते पानी के! मला पडद्यामागे जायची बंदी आहे. मेरे ही तंबू में!" जळणारा मी एकटाच नव्हतो तर. कधी काय करायचं ते मी त्याला सांगितलं आणि त्याने एकदाच मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तंबू फुटेस्तोवर भरला. भागीरथाही पुढे बसली होती, माझ्याकडे न बघता. देवीचं गाणं सुरू झालं. आसू उमटले. गुणाबाई बुधरीला उचलून थेट पडद्यापाशी गेली आणि ओघळाखाली पितळी वाटी धरली.

"बाबूभाई!" मी ओरडलो.

बाबूभाईने मशीनच्या काचेवर तळहात ठेवला. देवी विझली. गाणं अंधारात चालूच राहिलं. लोकांनी कल्ला सुरू केला, तोच पलीकडे ताडपत्री फाटल्याचा आवाज आला आणि पडद्यामागे कोलूची गॅसबत्ती लख्ख उजळली.

पडद्यावर एक सावली उभी होती. एका हातात लोटा. दुसरा हात वर, त्यात पिळलेला बोळा. मान किंचित डावीकडे कललेली, कंबर तिरकी, एक पाय दुमडलेला.

ती कंबर मी शिकवली होती. ती मान मी महिनाभर ओरडून ओरडून कलवून घेतली होती.

मी काही बोलायच्या आत भागीरथा किंचाळली, "अवो, हा तं आपला लटारू! तुमची देवी!"

लटारू माझ्या नाटकात दर साली देवी व्हायचा. यंदा भद्रावतीला मजुरीला जातो म्हणून गेला होता. माझी देवी लच्छूच्या देवीसाठी रडत होती! त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. नवरा-बायकोच्या भांडणात वाटतं तसं काहीतरी. आणि त्यातच हेही सुचलं, की भागीरथा माझं नाटक धड बघतही नाही असं मला वाटायचं, तर तिला ही सावली ओळखू कशी आली?

लच्छू धावत पुढे आला. "मायबापहो, उजेड बंद करा! मायनं या गड्याच्या अंगात संचार केला! थोच हात मायचा!"

"मायले लोटा लागते का रे?" मागून कोलूचा आवाज आला. "इथी बादली बी हाय. बोडीचं पानी हाय, गोचीड तरंगून राह्यली."

पण सावली हलली नव्हती. गॅसबत्तीच्या उजेडात पडद्याच्या या बाजूचं लटारूला दिसत नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. वाटी खाली पडल्याचा आवाज झाला आणि गुणाबाई म्हणाली, "दादा? तू भद्रावतीले होता ना?"

लटारू गुणाबाईचा सख्खा भाऊ.

तो पडद्याची कडा उचलून बाहेर आला. बहिणीकडे बघितलं, मग तिच्या कडेवरच्या पोरीकडे. बुधरीच्या पापण्या चिकटलेल्या, गालांवर केवड्याच्या वासाचं पाणी.

"हिच्या डोळ्यात घालत होती तू?" त्याचा आवाज फुटला. "गुणे, म्हशी बसते थ्या बोडीचं पानी हाय व थे! वासाले अत्तर टाकलं हाय त्यात! मले सांगतलं होतं, लोक नुसते हात जोडते म्हनून. डोळ्यात घालते हे मले कोनी नाई सांगतलं!" आणि तो तिथेच, सगळ्या गावासमोर, रडायला बसला. त्या आसवांना कुणी वाटी धरली नाही.

कोलूने बत्ती झाकली, बाबूभाईने काचेवरचा हात काढला आणि मी पुढे होऊन पडद्याच्या कोरड्या जागी ओला बोळा दाबला. "बघा. कापड ओलं झालं की उजेड आरपार जातो, म्हणून पुढून डाग काळा दिसतो. देवी गेली तरी डाग राहतो. काल तो गुप्तहेराच्या कोटावर होता. तुम्ही डोळे मिटले होते म्हणून दिसला नाही." नथ्थू पाटलाने स्वतः येऊन बोळा दाबून बघितला, दोनदा. मग पागोटं सावरत लच्छूला शोधायला निघाला, पण लच्छू तोवर भद्रावतीच्या रस्त्याला लागला होता.

"गुरुजी," कोलू म्हणाला, "मुकुटाच्या शिनेमाचा खरा दुसरा भाग हा. आन आमी मागूनच पाह्यला."

त्याच पावली लटारूने बैलगाडी जुंपली आणि बुधरीला चांद्याला नेलं. डॉक्टरने एक डोळा वाचवला. दुसऱ्यात फूल पडलं ते पडलंच. चार दिवस आधी आणली असती तर दोन्ही वाचले असते, असं तो म्हणाला. लच्छू कितीही लबाड असो, ते चार दिवस आम्ही सगळ्यांनी हात जोडून घालवले.

शंकरपटात नाटक झालं. लटारू देवी झाला. पहिल्या अंकानंतर बुधरी विंगेत आली, एका डोळ्याने त्याच्याकडे निरखून बघितलं, मग त्याचा शालू उचलून मागे काय आहे तेही बघितलं. लटारू रागावेल असं वाटलं, पण तो तसाच उभा राहिला. त्या दिवसापासून आमच्या नाटकाचा मागचा पडदा उघडा असतो. ज्याला वाटेल त्याने यावं, रंग कसा लावतात, मुकुट कशाचा आहे ते बघावं. नाटक त्याने कमी होत नाही. जे मागून बघू देत नाहीत, त्यांच्यापुढे हात जोडू नका, एवढंच माझं सांगणं आहे. आणि लेकराचा डोळा दुखला तर आधी डॉक्टरकडे न्या.

घरी जाताना मी भागीरथेला विचारलं, नाटक कसं झालं.

"बरं झालं," ती म्हणाली. थोडं चालून गेल्यावर म्हणाली, "पन गुप्तहेर पायजे होता."

पुढच्या साली घातला. तो बुधरीने केला.