उसन्या धापा

मी कॉलरला लावतात तो माइक बोलतोय. नखाएवढा जीव माझा, पण इतकं ऐकलंय की माणसांचा वीट आलाय.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, मोठमोठ्यांच्या छातीशी राहीन, चार शहाणपणाच्या गोष्टी कानावर पडतील. कसलं काय! आधी एका पुढाऱ्याच्या जाकिटावर बसून त्याचे ढेकर ऐकले. मग एका वाहिनीनं मला नर्तकांच्या ताकदीवरच्या मालिकेला जुंपलं. प्रत्येक भागात एक नर्तक, त्याचं शरीर, त्याची मेहनत. मी खूश झालो. मूर्खच मी!

एका भागात मला जिच्या गळ्याखाली चिकटवलं, तिला तालमीच्या खोलीत सगळे 'खांब' म्हणायचे. त्यांच्या नाचात एकमेकांना उचलायचं असतं आणि ही कायम खाली. खांद्यावर दोघींना घेऊन उभी राहायची. सगळ्यात वरची मुलगी हात पसरून हसली की टाळ्या तिला. खांबाच्या तोंडावर दिवासुद्धा पडत नाही.

"आई, या वेळी मी दिसणार हं," ती फोनवर म्हणाली. "दर वेळी विचारतेस ना, तू नक्की करतेस तरी काय? आता बघच." काय आनंदात होती बिचारी!

चित्रीकरण सुरू झालं. तिनं दोघींना उचललं. मी तिच्या छातीशीच होतो. झोपलेल्या बाळासारखा श्वास.

"कट! अहो ताई, तुम्हाला काहीच होत नाहीये," दिग्दर्शक वैतागला. "जरा तोंड वाकडं करा, कण्हा, धापा टाका. ताकद दिसायला नको?"

"मला धाप लागली तर खांदे हलतील, वरच्या पडतील. धाप लागू न देणं, तेच तर शिकलेय मी."

"ते लोकांना कळत नाही हो!"

मग जे झालं ते सांगतानाही शिसारी येते. त्यांच्या ढेरपोट्या साउंडवाल्यानं मला हातात धरलं, जिना चढून-उतरून आला आणि माझ्यावर धापा टाकल्या. जेवणाचा आंबूस वास, थुंकीचे शिंतोडे. शी! आणि दिग्दर्शक म्हणतो, "वा! आता कशी ताकद वाटतेय!"

भाग लागला त्या दिवशी तालमीच्या खोलीत तिच्या आईला मुद्दाम बोलावलं होतं. आई कशी भारावते ते टिपायचं, म्हणून मला आईच्या गळ्याशी लावलं. पडद्यावर खांबाचे खांदे आले, पोटऱ्या आल्या, मानेची शीर आली. चेहरा आला तो वरच्या मुलीचा. आणि वरून त्या धापा.

"हे कोण गं असं धापा टाकतंय?"

"मीच, आई."

"गप बस. तुझा श्वास मला ठाऊक नाही होय? आणि तुझं तोंड कुठाय?"

दिग्दर्शक पुढे आला. "हे नको. आई, तुम्ही नुसतं म्हणा, अभिमान वाटतो."

"कसला डोंबलाचा अभिमान! धडधाकट पोरीला दमेकरी करून ठेवलंत!"

कॅमेरा बंद झाला. सगळे वायरी गुंडाळायला लागले. मला काढायचं, बंद करायचं राहून गेलं.

"आई, चपला काढ," लेक म्हणाली आणि खाली बसली. "ये, खांद्यावर बस."

"अगं, वेड लागलंय का? पडेन! हाडं मोडतील माझी!"

"हलू नकोस फक्त."

ती उठली. आईनं तिचं डोकं घट्ट धरलं होतं. ना कण्हणं, ना धाप. तोच सावकाश श्वास. 

"हे करतेस होय तू," आई म्हणाली. "आणि मी मेली सारखी त्या वरच्या पोरीकडेच बघत बसले."

मी टिपलेलं ते सगळं साउंडवाल्यानं पुसलं. त्याच्या धापा मात्र जपून ठेवल्यात. आता प्रत्येक भागात, प्रत्येक नर्तकाच्या नावावर तोच धापा टाकतो. मी डबीत पडून ऐकतो आणि मला ओकारी येते. तुम्ही ती मालिका बघत असाल, तर माझं एवढं ऐका. आवाज बंद करा आणि खाली कोण उभं आहे ते बघा.